नावाचा रकाना

तिसऱ्या रकान्यापाशी दर वेळी अडतं.
मालक लिहून होतो, गाव लिहून होतं,
मग मी विचारतो, "कुत्र्याचं नाव?"
आणि शम्सिया ओढणी तोंडाशी धरून हसते.
कुत्र्याला कसलं नाव.
रात्री तरसावर भुंकतं, दिवसा उन्हाला पडतं,
घास कुणी घालत नाही, सापडेल ते त्याचं.
मी लिहितो: करडं.
पुढच्या घरी: करडं, दुसरं.
त्याच्या पुढे: करडं, एक कान फाटका.

लसीचा डबा घोड्यावर.
बाले पर्वतात एवढ्या उंचीवर पहाटे दहिवर गोठतं,
लस उबेला म्हणून डब्यात बसलीय, असं अलीयी म्हणतो,
आणि स्वतःच्याच विनोदावर खोकतो.
या वर्षी दोन सुया. मागच्या वर्षापर्यंत एकच होती.

वर पठारावर ते राहतात, तांबडे, काटक्यांच्या पायांचे.
इथली माणसं म्हणतात जेडाला फर्दा, घोड्याचा कोल्हा:
घोडी व्याली की लांब उभा राहतो, वारेची वाट पाहत.
शिंगराला तोंड लावत नाही.
दिवसभर एकेकटे बिळांवर, घुशींच्या मागावर,
कुणाच्या अध्यात ना मध्यात.
पण पहाटे सगळे भेटतात.
नाकाला नाक, जबड्याला जबडा,
एक जण राहून गेला तर परत मागे येऊन.
इतकं मायेचं भेटणं मी माणसांत पाहिलेलं नाही.
रोग नेमका त्याच वाटेनं गेला.

पिसाळ आमच्या ओळखीचा होता.
लाळ, चावा, पाण्याचं भय.
या खेपेला कुणी कुणाला चावलं नाही.
डोळ्यांना चिपडं, नाकाला चिकटा,
तळवे वहाणेसारखे कडक,
आणि घास नसताना चालूच राहिलेलं चघळणं.
एक मादी भर दुपारी कादिरोच्या मेंढ्यांमधून चालत गेली.
भ्यायचं विसरली होती.
मेंढ्याही विसरल्या.
"माझ्याकडे बघितलं," तो म्हणाला,
"जणू मी तिला काहीतरी सांगणार होतो."

नमुने राजधानीला गेले, तिथून समुद्रापलीकडे.
सात आठवड्यांनी कागद आला: डिस्टेंपर. कुत्र्यांचाच.
खाली बारीक अक्षरात:
विषाणू थोडा वेगळा दिसतो, तपास चालू आहे.
म्हणजे त्याच्याही नावाचा रकाना अर्धा कोरा.

कुठलं कुत्रं, हे कुणालाच सांगता येत नाही.
उन्हाळी चराईला खालच्या खोऱ्यातून गुरं वर येतात,
गुरांमागे माणसं, माणसांमागे कुत्री.
ओढ्याकाठी मेलेलं एक खेचर होतं.
रात्री त्यावर कुत्रं, पहाटे कोल्हा.
मेंढ्यांपासून हाड म्हणून हाकललं,
ते हाडापाशीच गेलं.
मी कादिरोला हे सांगितलं नाही. त्यानंच मला सांगितलं,
मीठ घातलेल्या कॉफीचा कप पुढे करत,
आणि बराच वेळ आम्ही दोघेही काही बोललो नाही.

दुपारी शम्सियाची सोरेत्ती आली.
सालीच्या दोरीला बांधलेलं सहा-सात महिन्यांचं पिल्लू,
पोट फुगलेलं, शेपूट पायांत.
तिनं त्याचं डोकं काखेत धरलं.
सुई शिरताना ती कानाशी वाकून काहीतरी पुटपुटली.
"काय म्हणालीस?"
"त्याचं नाव."
"मला सांग, लिहायचंय."
तिनं मान हलवली. नाही.

मी रकाना कोरा ठेवला.
शेवटच्या चौकोनात खूण केली,
कपाळावर निळ्या रंगाचा पट्टा ओढला.

दोरी सुटली तसं ते वर पळालं,
घराकडे नाही, पठाराकडे,
उंच लोबेलियांच्या खांबांमधून.
सुईचं बळ यायला अजून दोन आठवडे.
सोरेत्तीनं हाक मारली. पुन्हा मारली, पूर्ण नावानं.
वारा उलटा होता.
निळा ठिपका एकदा थांबला, आणि चढतच गेला.